मुक्तीचा मळा

पंडिता रमाबाई सरस्वती यांच्या विद्वत्तेच्या गोष्टी आमच्या वाचकांनी पुष्कळ ऐकल्या असतील. त्यांच्या हाताला लागलेल्या मातीविषयी मात्र क्वचितच लिहिले जाते. म्हणून येथे तेवढाच भाग घेण्याचे आम्ही योजिले आहे.

बाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले होते. त्या माउलीने ते मुलीस दिले. पुढे तीर्थयात्रेत दुष्काळाने कुटुंबास गाठले आणि १८७४ च्या सुमारास आईबाप व थोरली बहीण मृत्युमुखी पडली. आईची तिरडी उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा रमाबाई स्वतः पुढे झाल्या आणि उंची कमी पडल्यामुळे त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. नंतर भाऊ श्रीनिवास यांच्यासह त्या पायी हिंडल्या. झेलमच्या तीरी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून दोघांनी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. मूठभर भिजविलेले धान्य व मीठ हेच त्यांचे जेवण होते.

कलकत्त्यातील पदव्या, वैधव्य, १८८३ साली इंग्लंडात घेतलेला बाप्तिस्मा, १८८९ साली मुंबईत उघडलेले शारदासदन, हे सर्व सर्वश्रुतच आहे.

१८९६-९७ च्या दुष्काळात बाई मध्यप्रांतात गेल्या व शेकडो निराधार मुली घेऊन परतल्या. त्या अस्थिपंजर देहांत देवाचे प्रतिरूप आहे, हे त्यांस कोणी सांगावे लागले नाही. परंतु नुसते अन्न घालून त्या थांबल्या नाहीत. कुंडलिकेकाठच्या आमच्या रोह्याच्या मुलांस केडगावच्या रखरखीत माळाची कल्पना यावयाची नाही. तेथे बाईंनी जमीन घेतली, विहिरी खणविल्या, फळझाडे लावविली. देवाने पहिल्या मनुष्यास बागेत ठेविले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, हे शास्त्रवचन त्यांनी शब्दशः घेतले असावे. सर्व जातींच्या मुली एकत्र जेवत, शेतात राबत, विणीत, दळीत. अंध स्त्रियांस बाईंची कन्या मनोरमा बोटांनी वाचावयास शिकवी. शिकलेल्या मुलाने खुरपे धरणे आमच्याकडे अजून कमीपणाचे वाटते, व आम्ही शिक्षकही ह्या दोषातून सुटलेलो नाही.

मनोरमा १९२१ साली वारली. बाईंनी शोक आवरून बायबलचे मराठी भाषांतर पुरे केले व ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेविला. ते भाषांतर १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणारे हात तेथील मुलींचे होते.