निराधार मुलांचा कैवारी: जोनास हॅन्वे

नाविक शिक्षणाच्या इतिहासांत जोनास हॅन्वे या इंग्रज सद्गृहस्थाचें नांव आदरानें घेतलें जातें. त्यांचा जन्म इ. स. १७१२ मध्यें पोर्टस्मथ या आरमारी बंदरांत झाला. वडील आरमारास अन्नसामग्री पुरविणाऱ्या खात्यांत होते; पण हॅन्वे लहान असतांनाच पितृछत्र हरपलें. १७२९ मध्यें ते लिस्बन येथें एका व्यापाऱ्यापाशीं उमेदवारीस राहिले. पुढें रशियामार्गें लोकरी कापड घेऊन ते इराणांत गेले असतां अस्त्राबादेस बंडखोरांनीं सर्व माल लुटला. दिल्ली लुटणारा नादिरशहा तेव्हां इराणच्या तख्तावर होता. त्याच्याच हुकुमानें बहुतेक नुकसान भरून मिळालें.

१७५० मध्यें लंडनास परतल्यावर त्यांनीं उर्वरित आयुष्य दीनसेवेस वाहिलें. १७५६ मध्यें फ्रान्सशीं युद्ध जुंपलें. आरमारास माणसें हवीं होतीं, आणि राजधानीच्या रस्त्यांत निराधार मुलें अन्नवस्त्रावांचून भटकत होतीं. हॅन्वे व त्यांच्या सहकाऱ्यांनीं त्याच वर्षीं मरीन सोसायटी स्थापिली. मुलांस स्वच्छ करून, नवे कपडे देऊन जहाजांवर पाठविण्यांत येई. १७६३ मध्यें युद्ध संपेपर्यंत १०,००० हून अधिक माणसें व मुलें या संस्थेनें आरमारास दिलीं.

परंतु तह झाला आणि आरमाराची गरज सरली. गरज सरली म्हणून मूलही टाकाऊ ठरावें काय? संस्थेनें परतलेल्या मुलांस धंदेशिक्षणास लावण्याची खटपट केली. केवळ अंगावर कपडे चढविल्यानें माणूस घडत नाहीं, त्यास विद्या, शिस्त व ईश्वराचें भय हीं आधीं मिळालीं पाहिजेत, असें हॅन्वे यांचें मत होतें. म्हणून १७८३ मध्यें त्यांनीं प्रत्येक परगण्यांत मोफत नाविक शाळा काढण्याची योजना मांडली. ती सिद्धीस गेली नाहीं. तरी १७८६ मध्यें डेप्टफर्ड येथें टेम्स नदींत संस्थेचें एक जहाज शाळा म्हणून नांगरण्यांत आलें. तेथें समुद्रावर जाण्यापूर्वीं मुलांस नाविकविद्येबरोबर वाचन व धर्मशिक्षण मिळूं लागलें.

त्याच वर्षीं ५ सप्टेंबर रोजीं हॅन्वे निवर्तले. वेस्टमिन्स्टर ॲबी या मंदिरांतील त्यांच्या स्मारकावर उघड्यावाघड्या मुलांस वस्त्रें देण्याचा प्रसंग कोरलेला आहे. उपयोगासाठीं मूल नव्हे, मुलासाठीं शाळा, हा धडा आपल्या शाळांनींही विसरूं नये.