मीर उस्मान अली खान

मीर उस्मान अली खान, आसफजाह सातवे (एप्रिल १८८६ – २४ फेब्रुवारी १९६७) हे हैदराबाद संस्थानाचे सातवे आणि अखेरचे सत्ताधारी निजाम होते. २९ ऑगस्ट १९११ रोजी ते गादीवर आले व १७ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांची सत्ता संपुष्टात आली. सुमारे ८२,००० चौरस मैलांच्या या संस्थानात आजचा तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा ईशान्य भाग समाविष्ट होता. १९४१ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी ६० लाखांहून अधिक होती. तेलुगू, मराठी व कन्नड या प्रजेच्या मुख्य भाषा होत्या, तर दरबाराची भाषा उर्दू होती. वऱ्हाडावरही निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मानले जात असे. मात्र तेथील कारभार इंग्रजांच्या हाती होता.

पूर्वपीठिका

आसफजाही घराण्याचे संस्थापक निजाम-उल-मुल्क यांनी १७२४ मध्ये मुबारिझ खानाचा पराभव करून दख्खनवर स्वतंत्र सत्ता बसवली. ही लढाई वऱ्हाडातील शकरखेडा, म्हणजे आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे झाली. वऱ्हाड या घराण्याला इतका जिव्हाळ्याचा का वाटे, याचे एक कारण येथे सापडते.

उस्मान अली हे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे पुत्र. त्यांना उर्दू, फारसी व अरबीबरोबर इंग्रजीचेही शिक्षण मिळाले. पुढे ते स्वतः उर्दू-फारसी काव्यरचना करीत. वडील खर्चिक आणि मोकळ्या हाताचे होते. मुलगा नेमका उलट निघाला. जुनी टोपी, साधा पोशाख आणि घरखर्चातील काटकसर यांच्या असंख्य कथा त्यांच्या हयातीतच पसरल्या. १९३७ मध्ये टाइम या अमेरिकन साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. जेकब हिरा ते टेबलावर कागद दाबण्यासाठी वापरीत, अशीही त्यांची ख्याती होती. या कथा रंजक असल्या तरी त्यांच्यामुळे राज्यकर्ता झाकला जातो आणि कंजूष धनिक तेवढा लक्षात राहतो.

राज्यकारभार

१९०८ मध्ये मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद शहराचा मोठा भाग उद्ध्वस्त केला होता. पूरनियंत्रणासाठी अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा सल्ला घेण्यात आला. उस्मान अलींच्या काळात उस्मानसागर व हिमायतसागर हे जलाशय बांधून पूर्ण झाले. मांजरा नदीवरील निजामसागर धरण १९३१ मध्ये पूर्ण झाले. उच्च न्यायालय आणि उस्मानिया रुग्णालय यांच्या भव्य वास्तू याच काळातल्या. न्यायव्यवस्था कार्यकारी सत्तेपासून वेगळी करण्याचे पाऊलही येथे ब्रिटिश हिंदुस्थानाच्या आधी, १९२० नंतरच्या पहिल्या दोन वर्षांतच पडले.

१९१४ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम याझदानी यांच्याकडे त्याची सूत्रे आली. अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावण्यात आले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरास महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी निजाम सरकारने अनुदान दिले. त्या संस्थेतील निजाम अतिथीगृह आजही उभे आहे.

उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली. इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग धाडसी होता. त्यासाठी भाषांतर विभाग स्थापून विज्ञान, वैद्यक व कायद्याची पुस्तके उर्दूत आणली गेली. देशी भाषा आधुनिक ज्ञान पेलू शकते, हे या प्रयोगाने दाखवून दिले. परंतु ती भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. औरंगाबाद, परभणी किंवा नांदेडच्या मराठी विद्यार्थ्याला इंग्रजीच्या जागी दुसरी परकी भाषा आली, एवढाच फरक पडला. खासगी मराठी शाळांवर बंधने होती, तर सार्वजनिक सभांवर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने निर्बंध घातले होते.

वऱ्हाडचा दावा

१८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांकडून निघून निजामाकडे आला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी वाढल्यावर १८५३ च्या तहाने इंग्रजांनी तो आपल्या ताब्यात घेतला. सार्वभौमत्व मात्र निजामाचेच राहिले. दिवाण सालारजंग यांनी प्रांत परत मिळवण्यासाठी बरेच प्रयत्न केले. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले, पण व्यर्थ. १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन यांनी महबूब अलींकडून वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचा पट्टा लिहून घेतला आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभारास जोडला.

वडिलांवर दडपण आणून हा करार करवून घेतला, असे उस्मान अलींचे ठाम मत होते. पहिल्या महायुद्धात त्यांनी इंग्रजांना प्रचंड आर्थिक साहाय्य केले. तुर्कस्तानचा खलिफा शत्रुपक्षात असतानाही हिंदुस्थानातील मुसलमानांनी ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहावे, असे आवाहन त्यांनी केले. याबद्दल त्यांना ‘हिज एक्झॉल्टेड हायनेस’ ही एकमेव पदवी आणि ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त हा किताब मिळाला. वऱ्हाड मिळाला नाही.

१९२३ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय रीडिंग यांना सविस्तर पत्र लिहून प्रांत परत मागितला. या पत्रातील एक आश्वासन विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. वऱ्हाड परत मिळाल्यास तेथील जनतेला आपण नेमलेल्या राज्यपालाच्या हाताखाली जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे त्यांनी कबूल केले होते. वऱ्हाडातील लोकांना निवडणुका, वृत्तपत्रे आणि सभांची सवय झाली होती. निजामी अंमलाखाली जाण्यास तेथील लोकमत अनुकूल नव्हते. ते वळवण्यासाठी हे आश्वासन असावे. पण पैनगंगेच्या उत्तर तीरावरच्या लोकांना जे देऊ केले होते, ते दक्षिण तीरावरच्या स्वतःच्या प्रजेला त्यांनी दिलेले नव्हते. उस्मान अलींच्या कारकिर्दीचे मूल्यमापन करताना ही विसंगती टाळता येत नाही.

२७ मार्च १९२६ च्या उत्तरात रीडिंग यांनी मागणी फेटाळली. ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वश्रेष्ठ असून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाट करू शकत नाही, असा त्याचा आशय होता. सर्व संस्थानिकांना धडा म्हणून हे उत्तर पुढे वारंवार उद्धृत झाले.

दहा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९३६ च्या कराराने एक तडजोड झाली. निजामांच्या पदवीत हैदराबादबरोबर बेरारचा उल्लेख आला, युवराजांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हटले जाऊ लागले आणि वऱ्हाडात ब्रिटिश निशाणाच्या शेजारी निजामाचे निशाण फडकवण्यास मान्यता मिळाली. कारभारात मात्र काहीही बदलले नाही.

हा किताब मिळालेले युवराज म्हणजे आझम जाह. त्यांचे मूळ नाव हिमायत अली खान. ढाणकीहून पैनगंगा ओलांडल्यावर नांदेड जिल्ह्यात लागणाऱ्या वाढोणा ऊर्फ हिमायतनगर या गावाचे नाव त्याच्याशी जुळते. पदच्युत खलिफा अब्दुलमजीद दुसरे यांना निजाम निर्वाहवेतन देत असत. त्यांची कन्या दुर्रूशेवर हिचा विवाह नोव्हेंबर १९३१ मध्ये फ्रान्समधील नीस येथे आझम जाह यांच्याशी झाला. उस्मानी खलिफांची लेक अशा रीतीने पुढे ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ झाली.

प्रजेची चळवळ

१९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्थापन होऊ घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि सत्याग्रह सुरू झाला. त्याच वर्षी ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांना वसतिगृह व विद्यापीठ सोडावे लागले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. १९३९ मध्ये जाहीर झालेल्या राजकीय सुधारणांत खरी सत्ता निजामांकडेच राहणार होती, त्यामुळे त्यांनी कोणाचे समाधान झाले नाही. चळवळीचे नेतृत्व स्वामी रामानंद तीर्थ यांच्याकडे आले.

विलीनीकरण

जून १९४७ मध्ये निजामांनी फर्मान काढून भारत किंवा पाकिस्तान यांपैकी कोणाच्याही घटना समितीत प्रतिनिधी न पाठवण्याचा व इंग्रज गेल्यावर स्वतंत्र राहण्याचा निर्णय जाहीर केला. ऑक्टोबरअखेर भारताशी करार करण्यास दिल्लीला निघालेल्या शिष्टमंडळाची घरे रझाकारांच्या जमावाने वेढली आणि ते शिष्टमंडळ बदलले गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेचा जोर त्यानंतर वाढतच गेला. निजाम तिच्यापुढे हतबल होते की तिचा उपयोग करून घेत होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिला वेळीच आवर घातला नाही, याची जबाबदारी मात्र त्यांच्याकडेच जाते.

मराठवाड्यातून हजारो कुटुंबे सीमा ओलांडून आली. उमरखेडसारख्या वऱ्हाडातील गावी व मुंबई प्रांताच्या सीमेवर स्वातंत्र्यसैनिकांच्या छावण्या उभ्या राहिल्या. ज्या वऱ्हाडावर निजामांनी आयुष्यभर हक्क सांगितला, त्याच भूमीतून त्यांच्या सत्तेविरुद्ध लढा चालवला गेला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. १७ सप्टेंबरला निजामांनी आकाशवाणीवरून युद्धविराम जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे अरब वंशाचे सेनापती सय्यद अहमद अल इद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. या कारवाईच्या वेळी व नंतर अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर हल्ले होऊन मोठी प्राणहानी झाली. तिची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सदिच्छा मंडळ पाठवले. त्याचा अहवाल दीर्घकाळ अप्रकाशित राहिला.

उत्तरायुष्य

२६ जानेवारी १९५० पासून उस्मान अली हैदराबाद राज्याचे राजप्रमुख झाले. त्यांना वार्षिक ५० लाख रुपये तनखा मंजूर झाला. संपत्तीचा मोठा भाग त्यांनी विश्वस्त निधींत ठेवला. १९६५ च्या युद्धकाळात त्यांनी पाच हजार किलो सोने देशाला दान केले, अशी कथा प्रचलित आहे, पण ती खरी नाही. त्यांनी ४२५ किलो सोने राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोख्यांत व्याजाने गुंतवले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले आणि राजप्रमुखपद संपले. मराठवाडा व विदर्भ एकाच दिवशी द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि पैनगंगेवरची जुनी सीमा नाहीशी झाली. त्यानंतर उस्मान अली किंग कोठी या निवासस्थानीच राहिले. तेथेच २४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. आझम जाह हयात असूनही त्यांनी वारस म्हणून नातू मुकर्रम जाह यांना निवडले होते. किंग कोठीसमोरील जुदी मशिदीच्या आवारात त्यांचे दफन झाले. अंत्ययात्रेला शहरात अफाट जनसमुदाय लोटला होता.