वचन मोडणाऱ्यांच्या धर्मबांधवांना वाचवणारे अमीर अब्दुल कादिर

अमीर अब्दुल कादिर अल-जझायरी म्हटलं की आपल्याला फ्रेंचांशी लढलेला मुजाहिद आठवतो. पण त्यांची खरी परीक्षा पुढे दमिश्कमध्ये झाली.

१८०८ साली अल्जीरियातल्या मुअस्करजवळ, कादरी सिलसिल्याच्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. १८३२ मध्ये कबिल्यांनी त्यांना अमीर निवडलं. पंधरा वर्षं त्यांनी फ्रेंच फौजेला झुंजवलं. पूर्वेकडच्या मुस्लिम मुलखात जाऊ देऊ, या वचनावर डिसेंबर १८४७ मध्ये त्यांनी शस्त्रं ठेवली. फ्रान्सने वचन मोडलं आणि त्यांना कुटुंबासह जवळपास पाच वर्षं कैदेत ठेवलं. सुटकेनंतर १८५५ मध्ये ते दमिश्कला आले.

१८६० च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरांत द्रूझ आणि मारोनी ख्रिश्चनांमध्ये कत्तली सुरू झाल्या. ही आग दमिश्कला पोहोचणार, हे ओळखून अमिरांनी उस्मानी सुभेदाराला आधीच सावध केलं होतं. त्याने मनावर घेतलं नाही. ९ जुलैला जमाव ख्रिश्चन मोहल्ल्यात घुसला. अमीर आपले अल्जीरियन साथीदार घेऊन गल्लोगल्ली फिरले, लोकांना घराघरांतून काढून स्वतःच्या वाड्यात आणलं. जागा पुरेना, तेव्हा किल्ल्यात पोहोचवलं. जमाव दाराशी आला, तर स्वतः आडवे उभे राहिले. कुणी ख्रिश्चनाला जिवंत आणून दिलं, तर त्याला बक्षीसही दिलं. हजारो जीव वाचले.

जीव वाचले, पण सुलह टिकायची तर इन्साफ आणि कायदा दोन्ही लागतात. इस्तंबूलहून आलेल्या फुआद पाशांनी दोषींना कडक शिक्षा दिल्या. त्या गाफील सुभेदारालाही मृत्युदंड झाला. मग बैरूतमध्ये उस्मानी आणि युरोपीय प्रतिनिधींची बोलणी झाली. १८६१ मध्ये डोंगरी लेबनॉनसाठी नवी व्यवस्था ठरली. गव्हर्नर ख्रिश्चन, पण लेबनॉनबाहेरचा. त्याच्या जोडीला १२ जणांचं मंडळ, त्यात मारोनी, द्रूझ, सुन्नी, शिया अशा सगळ्या जमातींना जागा. पहिल्या महायुद्धापर्यंत ही व्यवस्था चालली.

फ्रान्सने अमिरांना मोठा किताब दिला, अमेरिकेच्या लिंकन यांनी पिस्तुलं भेट पाठवली. अमिरांनी मात्र याला उपकार मानलं नाही. शरीअतने आणि माणुसकीने सांगितलेलं फर्ज अदा केलं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. २६ मे १८८३ रोजी दमिश्कमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

फ्रान्सने केलेल्या दगाबाजीचा हिशोब त्यांनी दमिश्कच्या निरपराध शेजाऱ्यांकडून मागितला नाही. आपल्या मुलांना त्यांच्या लढाया सांगताना हेही सांगायला हवं.