बोरघाटाची रेल्वे पूर्ण करणाऱ्या अ‍ॅलिस ट्रेडवेल कोण होत्या?

परंदवडी, तळेगाव परिसरातून मुंबईला रेल्वेने निघालात की लोणावळा-खंडाळ्यानंतर बोरघाट लागतो. या घाटातला रेल्वेमार्ग पूर्ण झाला, तो एका महिलेने कंत्राट हातात घेतल्यामुळे.

घाटाचं काम १८५६ मध्ये सुरू झालं. थकलेल्या मजुरीवरून मजुरांचा उद्रेक झाला आणि पहिले कंत्राटदार फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडलं. मग इंग्लंडमध्ये रेल्वेची कंत्राटं घेणाऱ्या ट्रेडवेल कुटुंबातील सॉलोमन यांनी ते घेतलं. पण भारतात आल्यावर काही आठवड्यांतच आजाराने त्यांचं निधन झालं.

पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट सोडलं नाही. अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या दोघांवर त्यांनी रोजच्या कामाची जबाबदारी सोपवली. कामाची छायाचित्रंही त्यांनी टिपली. १८६१ मध्ये इथे सुमारे ४२ हजार मजूर राबत होते. २५ बोगद्यांचा हा मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी खुला झाला.

अ‍ॅलिस यांचं नाव इतिहासात राहिलं. कॉलरा, ताप आणि अपघातांत दगावलेल्या हजारो मजुरांची नावं मात्र कुणीच लिहून ठेवली नाहीत. आजही गाड्या याच घाटातून धावतात.