हवा सिंह : दोन सुवर्णपदके आणि उशिरा आलेला सन्मान

भारतीय मुष्टियुद्धाच्या इतिहासात लागोपाठ दोन आशियाई क्रीडा स्पर्धांमध्ये सुवर्णपदक पटकावण्याचा मान एकाच मुष्टियोद्ध्याकडे जातो. ते म्हणजे कॅप्टन हवा सिंह. मात्र, त्यांचे कार्य केवळ या दोन पदकांपुरते मर्यादित नव्हते.

हवा सिंह यांचा जन्म १६ डिसेंबर १९३७ रोजी आजच्या हरियाणातील भिवानी परिसरात, उमरवास या गावी झाला. १९५६ मध्ये ते भारतीय लष्करात दाखल झाले आणि तेथेच त्यांच्यातील मुष्टियोद्धा घडला. १९६० मध्ये त्यांनी गतविजेते मोहब्बत सिंह यांना नमवून लष्कराच्या पश्चिम विभागाचे विजेतेपद मिळविले. त्यानंतर १९६१ पासून सलग ११ वेळा ते हेवीवेट गटाचे राष्ट्रीय विजेते ठरले. एवढा प्रदीर्घ काळ देशात त्यांना प्रतिस्पर्धी उरला नव्हता.

आशियाई स्पर्धेतील भारताचे मुष्टियुद्धातील पहिले सुवर्ण १९६२ मध्ये जकार्ता येथे पदम बहादूर मल्ल यांनी जिंकले होते. तेही लष्करातीलच. हा वारसा हवा सिंह यांनी १९६६ मध्ये बँकॉक येथे ८१ किलोंवरील गटात सुवर्ण जिंकून पुढे नेला. त्याच वर्षाच्या अर्जुन पुरस्काराने त्यांचा गौरव झाला. १९७० ची स्पर्धा सोलऐवजी पुन्हा बँकॉकलाच भरविण्यात आली आणि हवा सिंह यांनी त्याच शहरात आपले विजेतेपद राखले.

हौशी मुष्टियुद्धात त्या काळी ना पैसा होता, ना मोठी प्रसिद्धी. ऑलिम्पिक पदकही हवा सिंह यांच्या वाट्याला आले नाही. निवृत्तीनंतर ते भिवानीत परतले आणि आपला अनुभव त्यांनी नव्या पिढीच्या हाती सोपविला. शेतकरी कुटुंबांतील मुलांना त्यांनी रिंगमध्ये उतरविले. राजकुमार सांगवान यांच्यासारखे नामवंत मुष्टियोद्धे त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले.

प्रशिक्षक म्हणून केलेल्या या सेवेबद्दल त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार जाहीर झाला. तो २९ ऑगस्ट २००० रोजी प्रदान होणार होता. परंतु अवघे १५ दिवस आधी, १४ ऑगस्ट रोजी, भिवानी येथे त्यांचे निधन झाले. पुरस्कार त्यांच्या पत्नीने स्वीकारला.

आठ वर्षांनंतर बीजिंग ऑलिम्पिकमध्ये भारताचे पाच मुष्टियोद्धे उतरले. त्यांपैकी चौघे भिवानीचे होते. त्यांच्यातील विजेंदर सिंह यांनी कांस्यपदक जिंकून भारताला ऑलिम्पिक मुष्टियुद्धातील पहिले पदक मिळवून दिले. त्या यशाचे श्रेय अनेक प्रशिक्षकांचे आहे. मात्र, भिवानीच्या मातीत या खेळाचे बीज रुजविणाऱ्यांमध्ये हवा सिंह यांचे नाव अग्रभागी राहील. ते पदक पाहण्यासाठी मात्र ते हयात नव्हते.