रेव्हरंड टिळकांचे उघडे घर

सातारा व सांगली ही दोन्ही शहरे दानधर्मात मागे राहणारी नव्हेत. सणावारी अन्नसंतर्पणे होतात, थंडीच्या दिवसांत घोंगड्या वाटल्या जातात, आणि पेठेतला दुकानदार दारी आलेल्यास सहसा विन्मुख पाठवीत नाही. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचे पाणी सांगलीच्या बाजारात शिरले तेव्हा गावोगावहून भाकऱ्यांची गाठोडी आली. त्या दिवसांत भाकरी कोणाच्या चुलीवरची हे विचारण्यास कोणास सवड नव्हती. पाणी ओसरले आणि ती सवड पुन्हा सापडली. अन्न देताना घेणाऱ्याची जात व धर्म पाहावा की नाही, हा प्रश्न आपल्याकडे अद्याप मिटलेला नाही. आणि ख्रिस्ती मंडळी शेजाऱ्यांस अन्नवस्त्र देऊ लागली की त्यामागे बाटविण्याचा डाव आहे अशी कुजबुज आजही होते. म्हणून ज्या गृहस्थाने या प्रश्नाचा निकाल स्वतःच्या घरात लावला, आणि ज्याच्या आयुष्याची अखेरची कामगिरी सातारा शहरी झाली, त्याचे चरित्र वाचकांपुढे ठेवणे आम्हांस उचित वाटते.

टिळक म्हटले की आमच्या वाचकांस केसरीकार आठवतात. आम्ही बोलतो ते नारायण वामन टिळक हे दुसरे; तेही रत्नागिरी जिल्ह्यातलेच. ६ डिसेंबर १८६१ रोजी करजगाव येथे त्यांचा जन्म झाला. वडील तापट, आई लवकर गेली, आणि हा मुलगा घर सोडून नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांजपाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १८८० साली त्यांचा विवाह नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिजशी झाला. याच पुढे महाराष्ट्रास ठाऊक झालेल्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांच्या माहेरचे सोवळे कडकडीत. वडिलांस शुद्धतेचे असे वेड की घरात येणारे धान्यच नव्हे, तर मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घ्यावी! साखर धुतल्यावर हाती काय उरत असेल, याचा हिशेब आमच्या वाणी बंधूंनी करावा.

टिळकांस एका जागी स्थिर राहणे ठाऊक नव्हते. शिक्षकी, छापखाना, पुराण-प्रवचने, कविता असे सर्व करून झाले. नागपुरास काही वर्षे गेली. १८९३ साली राजनांदगावास जाताना आगगाडीच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाने त्यांच्या हाती बायबल ठेवले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. ही बातमी घरी कळली तेव्हा जे झाले ते सांगावयास नको. पुढली काही वर्षे नवराबायकोची ताटातूट होती. अखेर लक्ष्मीबाई त्यांच्याकडे आल्या, परंतु आपली चूल आणि आपले पाणी निराळे ठेवूनच. टिळकांनी त्यांजवर बळजबरी केली नाही, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. माणसामाणसांतला हा विटाळ मनुष्यकृत आहे असे त्यांचे त्यांस जेव्हा पटले, तेव्हाच त्यांनी तो टाकला. १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ते वर्ष दुष्काळाचे होते. १८९६-९७ च्या टंचाईतून नगर जिल्हा सावरतो न सावरतो तोच १८९९ चा पाऊस चुकला. माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली, गुरे दावणीला मेली, आणि आईबाप गेलेली मुले रस्त्यावर आली. अमेरिकन मराठी मिशनने पोरक्या मुलांसाठी वसतिगृहे उघडली आणि त्यांस अन्न, वस्त्र व कामधंद्याचे शिक्षण दिले. टिळकांचे बिऱ्हाड लहान आणि मिळकत बेताची. तरी दुष्काळातली मुले त्या घरातही आली व राहिली. कोणा संस्थेच्या कोठारातले धान्य वाटावयाचे ही एक गोष्ट, आणि स्वतःच्या डब्यातले पीठ आणखी चार तोंडांसाठी मळावयाचे ही दुसरी. टिळकांचा स्वभाव असा की हातात पैसा टिकावयाचा नाही, आणि मागणारा दारी आला की घरात काय उरेल याचा विचार मनात यावयाचा नाही. कवीस हे शोभते. परंतु संध्याकाळी चूल पेटवावयाची असते ती कवीने नव्हे. त्या औदार्याची निम्मी, कदाचित निम्म्याहून अधिक, किंमत लक्ष्मीबाईंनी भरली, आणि ज्या घरात मीठ धुतले जाई त्या घरची ही मुलगी दुष्काळातल्या अनोळखी लेकरांस न्हाऊमाखू घालू लागली.

आता त्या कुजबुजीविषयी. अन्नाच्या आमिषाने लोक बाटविले गेले हा आक्षेप सर्वस्वी खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. एकाच हाताने भाकरी द्यावयाची आणि त्याच हाताने बाप्तिस्म्याचे पाणी, असे जेथे झाले तेथे शंका येणे साहजिक होते; आणि पोटासाठी आलेला मनुष्य पाऊस पडताच परत गेला तर त्यास दोष कोणी द्यावा? परंतु आक्षेप घेणाऱ्यांनी त्या दुष्काळात आपल्या ओसरीवर महारामांगांची किती पोरे जेवू घातली, हेही त्याच खातेवहीत लिहिले पाहिजे. ज्या पंक्तीस जात पाहून पान मांडले जाते ती पंक्तीही एक अटच घालीत असते. फक्त ती अट आपल्या सवयीची असल्यामुळे दिसत नाही.

टिळकांच्या घरी अट नव्हती याची साक्ष एका कवीच्या चरित्रात आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, नगरास टिळकांच्या घरी मुलासारखे राहिले. त्या घरचे अन्न खाऊन ते हिंदूच राहिले, आणि त्यामुळे त्यांच्यावरची माया काडीभरही कमी झाली नाही.

आमच्या बाजूस मिशनचे नाव निघाले की वॉनलेस डॉक्टर आठवतात. १८८९ साली ते हिंदुस्थानात येऊन सांगलीस राहिले. पुढे १८९४ साली मिरजेस त्यांचे रुग्णालय उघडले, आणि वानलेसवाडी हे नाव आजही आपल्या तोंडी आहे. त्यांच्यापाशी शस्त्रक्रियेचे कौशल्य होते, परदेशातून येणारा पैसा होता, मिरजकर संस्थानिकांचा आश्रय होता. टिळकांपाशी यांतले काही नव्हते. शिवाय मिशनने मायबाप व्हावे आणि येथल्या ख्रिस्ती माणसाने जन्मभर लेकरू राहावे, ही व्यवस्थाच त्यांस पटेना. देणाऱ्याविषयी लाचार झालेला मनुष्य शेजाऱ्यास काय देणार?

म्हणून १९१७ साली, पंचावन्न वर्षे उलटल्यावर, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पतकरली आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापिला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांसही सारखीच जागा होती. ख्रिस्ताचे अनुयायी व्हावे पण आपल्या माणसांतून उठून जाऊ नये, भजनकीर्तनाची वाट सोडू नये, आणि सेवा करताना समोरच्याच्या नावावर ती मांडून ठेवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मिशनमधील पुष्कळांस हे रुचले नाही, आणि शहरातील सनातनी मंडळींस तर ते रुचणारच नव्हते. दोन्ही बाजूंनी संशय पदरी घेऊन हा मनुष्य साताऱ्यात राहिला. काळही कठीण होता. महायुद्धाने महागाई आणिली, १९१८ साली पाऊस चुकला, त्याच वर्षी इन्फ्ल्युएन्झाने मुंबई इलाख्यात घरेच्या घरे ओस पाडली, आणि त्यांनी मुलासारखे वाढविलेले बालकवी त्याच वर्षीच्या मे महिन्यात रेल्वेखाली सापडून गेले.

दरबारास दोन वर्षेही धड मिळाली नाहीत. प्रकृती ढासळून टिळकांस मुंबईस नेले, आणि ९ मे १९१९ रोजी ते तेथे वारले. चालकाच्या पश्चात दरबार फार दिवस टिकला नाही. टिळकांची संघटनाशक्ती त्यांच्या कवित्वाच्या मानाने तोकडी होती, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

त्यांच्या घरातले हे सारे आज आपणांस ठाऊक आहे ते मुख्यत्वे लक्ष्मीबाईंमुळे. शाळेत न गेलेल्या या बाईने स्मृतिचित्रे लिहिली. १९३४ पासून ती पुस्तकरूपाने निघू लागली, आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या नाशिकास निवर्तल्या. रिकामा डबा, दिलेले पैसे, आणलेली पोरे यांचा सगळा हिशेब त्यांत आहे. नवऱ्यावरचा राग आहे, हसू आहे. ज्यांस जेवू घातले त्यांपैकी कोणावर उपकार केल्याचा सूर मात्र आम्हांस त्यात कोठे आढळला नाही.