प्रश्न विचारणारे गाडगेबाबा



२० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. चांदूर बाजारहून अमरावतीला जाताना वलगाव लागते. तिथे पेढी नदीच्या पुलाजवळ १९५६ साली त्यांनी देह ठेवला. खराटा आणि स्वच्छता एवढेच आपल्या मुलांना त्यांच्याविषयी ठाऊक असते. बाबांच्या प्रश्नांविषयी फारसे कोणी बोलत नाही, म्हणून आज आम्ही तोच विषय घेतला आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर हे त्यांचे मूळ नाव. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यात दापुऱ्याला माहेरी आल्या. तिथे मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. मामाला अक्षरओळख नव्हती. कागदावर लिहिले ते खरेच असणार, असे धरून तो अंगठा उठवत गेला. दारू तर त्या काळी जातीच्या प्रत्येक कार्यात असायची. सगळे घेतात, मग आपणही घ्यायची. विचार न करता मानलेल्या दोन गोष्टींनी एका मुलाचे घर दोनदा मोडले.

डेबूजींनी पहिला प्रश्न स्वतःच्या घरात विचारला, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यायचा रिवाज होता. त्यांनी गोड जेवण वाढले. भाऊबंद चिडले. दुसऱ्याच्या चालीरीतींवर बोलायला काही लागत नाही. आपल्याच पंगतीत पाहुण्यांचे रुसवे सोसायला छाती लागते.

१९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात काठी आणि मातीचे गाडगे. गावात शिरले की आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन. कीर्तनात उपदेश थोडा, विचारणा जास्त. देव किती, असे ते विचारत. लोक एक म्हणाले, की तुमच्या गावात किती, हा पुढचा प्रश्न. नवसाला बकरे का कापता, कर्ज काढून सण का करता, माणसाचा विटाळ कसा होतो? उत्तर लोकांकडूनच यायचे आणि आपले उत्तर आपल्यालाच अडचणीत आणते, हे त्यांचे त्यांना कळायचे. अथेन्सच्या बाजारात सॉक्रेटिस हेच करीत असे. सेमिनरीत आम्ही त्याच्यावर वर्षभर अभ्यास केला. आपल्या वऱ्हाडातल्या या निरक्षर माणसाचे नाव मात्र त्या वर्गात निघाले नाही.

नदीत उभे राहून पितरांना पाणी देणारे लोक पाहून बाबा शेताच्या दिशेने पाणी उडवू लागले, अशी एक गोष्ट सांगतात. पाणी स्वर्गात पोहोचते, तर वऱ्हाडातल्या शेतात का नाही? अशीच गोष्ट गुरू नानकांविषयीही सांगितली जाते. तेव्हा ती ऐकतानाही जरा विचार करावा. बाबांना ते आवडले असते! आपल्या तालुक्यातली पूर्णा पुढे ऋणमोचनला जाते. तिथल्या यात्रेत बाबांनी झाडलोट केली, चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी घाट बांधायला घेतला, हे मात्र पक्के आहे.

दुसऱ्यांच्या नवसांवर हसून आपले भागत नाही. लग्नाची तारीख ठरवायला कुटुंबे आमच्याकडे येतात. संत्र्याच्या बहाराचा पैसा अजून झाडावर असतो आणि मांडव, बँड, जेवणावळ ठरलेली असते. एवढे कशासाठी, असे विचारले की लोक काय म्हणतील, हे एकच उत्तर येते. कोणते लोक, असे विचारले की दोन-तीन नावे निघतात, आणि त्यांच्यावरही मागच्या लग्नाचे कर्ज असते.

१९२३ साली बाबांचा एकुलता मुलगा गोविंद गेला. बातमी आली तेव्हा ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत होते. कीर्तन त्यांनी पुरे केले. बाप म्हणून हे बरोबर होते का, असा प्रश्न आमच्या मनात येतो आणि तो आम्ही दाबत नाही.

पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरात अस्पृश्यांसाठी चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढे त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. पायाला हात लावणाऱ्याला काठी मिळायची. शिष्य कोणालाच केले नाही. एवढ्या इमारती ज्याच्या शब्दावर उभ्या राहिल्या, त्याचे कुटुंब मूर्तिजापुरात झोपडीत राहत होते.